आवाज नावाचा रकाना

सातपूरचा बोर्ड शुक्रवारी बंद होणार.
चौदाशे बारा टास्क
गोंद्याच्या वर्कस्पेसमध्ये न्यायचे.
पुण्याहून गद्रे मॅडमचा मेल: दोन क्लिकचं काम आहे.

दोन क्लिकचंच होतं.
नमुन्याला एक उचलला, दोनशे सात नंबर,
प्रेस सात, मागचं बेअरिंग,
आणि पलीकडे सोडला.
शीर्षक पोचलं. तारीख पोचली.
फोटोसुद्धा पोचला, भिंगावरच्या तेलकट बोटासकट.
'आवाज' पोचला नाही.

गोंद्याला त्या नावाचा रकानाच नव्हता.
घर बदलताना टेम्पोवाला
न मावलेली कुंडी फाटकापाशी ठेवून जातो,
तसंही नाही झालं.
कुंडी निदान दिसते.

तो रकाना दगाजी खैरनारांनी मागून घेतलेला.
मेंटेनन्समध्ये एकतीस वर्षं, टाइप करायला एक बोट.
म्हणाले, ताई, तुमचं कमी-मध्यम-जास्त असू द्या,
पण मशीन असं बोलत नाही.
मग भरत गेले, रोज, शिफ्ट सुटल्यावर,
पपया नर्सरीची बस चुकवून:

प्रेस तीन: रवीची दोरी निसटल्यासारखा.
कॉम्प्रेसर: म्हातारा, जेवण झाल्यावर.
लेथ: सुपात बाजरी. खडे आहेत.
ग्राइंडर: आवाज नाही. म्हणून आधी हा बघा.

मी हात मागे घेतला.
आधी सगळं एका तक्त्यात उतरवून ठेवलं,
तर बाजरीची प्रश्नचिन्हं झाली,
म्हाताऱ्याचीही.
पुन्हा उतरवलं, अक्षरांची सेटिंग बदलून.
आता मराठी आली, पण 'जबाबदार' या रकान्यात
पगार हे आडनाव बघून
सिस्टीमने रुपयाचं चिन्ह लावलं.
आमचे कळवणचे विलास पगार
स्क्रीनवर शून्य रुपये झाले होते.
त्यांना दाखवलं. म्हणाले, बरोबर आहे की,
वीस तारखेनंतर एवढाच असतो.

मग गोंद्यात एकेक रकाना हाताने बांधला.
नाव तेच, प्रकार तोच, पर्याय त्याच क्रमाने.
तरी 'जास्त' जुळेना. अर्धा तास गेला.
जुन्या 'जास्त'च्या शेवटी कुणीतरी
एक रिकामी जागा सोडली होती,
डोळ्याला न दिसणारी,
आणि तेवढ्यावरून दोन सख्खे शब्द
एकमेकांना ओळख देत नव्हते.

दहा-दहाने नेले. प्रत्येक वेळी मोजले.
रात्री सव्वाअकराला चौदाशे अकरा.
बाजरी पोचली, खड्यांसकट.

राहिला दोनशे सात.
इकडे नाही, कारण मीच हलवला;
तिकडे रिकामा, कारण मीच हलवला;
तक्त्यात नाही, कारण तक्ता मला नंतर सुचला.

सकाळी नामपूरला फोन लावला.
दगाजी शेतातल्या मोटारीपाशी होते. नंबर ऐकून
काहीच आठवेना त्यांना.
मग म्हणाले, प्रेस सात कुठंय आता?
म्हटलं, इथंच, गोंद्याला. मशीनं मागच्याच महिन्यात आली.
जवळ जा. फोन धर. तिकडून नाही, मागून.

मी कानटोप्या घातलेल्या पोरांच्या मधे
हात लांब करून उभी राहिले,
देवाला निरांजन दाखवावं तशी,
नव्या, गुळगुळीत, हिरव्या फरशीवर.
पलीकडे दगाजींनी त्यांची मोटार बंद केली.
मिनिटभर दोन्हीकडे फक्त प्रेस सात.

लिही, म्हणाले.
ओला नारळ हलवल्यासारखा.

मी लिहिलं. जतन झालं, हिरवी खूण आली.
आणि तारीख आजची टाक बरं का, म्हणाले,
तेव्हाची नको.
तेव्हा खाली सातपूरची फरशी होती.
तेव्हा वेगळा होता.